तक्रार सुटते, पण पुढच्या खरिपात तीच पुन्हा दारात येते

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. अंबाजोगाईत चार-पाच जण मिळून दर शनिवारी मोफत ग्राहक सल्ला केंद्र चालवतात. बियाणे उगवले नाही, वीजबिल भरमसाट आले, बचतगटाच्या कर्जाचा वसुलीवाला दारात बसला, पतसंस्थेत ठेव अडकली, अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. बऱ्याच सुटतात. पण दरवर्षी तक्रारी त्याच, माणसे तेवढी वेगळी. "एकेकाचे काम करत बसण्यापेक्षा नियमच बदलून घेता येतो का? आमच्यासारख्या लहान संस्थेने त्यासाठी नेमके काय करायचे? आणि आमच्यात कुणी वकील नाही, चालेल का?"

वकिलाचे नंतर सांगते. आधी वहीचे सांगते, कारण माझ्या अनुभवात सगळे तिथेच ठरते.

मी परभणीत सव्वीस वर्षे हे काम करते आहे. पहिली आठ-दहा वर्षे आमचेही तुमच्यासारखेच चालले होते. माणूस आला, अर्ज लिहून दिला, दुकानदाराला नाहीतर कार्यालयात फोन केला, पैसे परत मिळाले, माणूस हात जोडून गेला. कागदही त्याच्याच हाती दिले. मग एकदा एका सुनावणीत मी पोटतिडकीने बोलले, तेव्हा समोरून शांतपणे विचारणा झाली, "बाई, असे किती लोकांचे झाले?" मी म्हणाले, "खूप." पुढचा प्रश्न आला नाही आणि माझे म्हणणे कागदावरही आले नाही. इतक्या लोकांचे ऐकून घेतलेले, पण दाखवायला एक आकडा नाही. ते अजून मला लागून राहिले आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे तक्रार सुटली तरी वहीतून जात नाही. तारीख, गाव, वस्तू की सेवा, रक्कम, काम कुठे अडले, कोणता कागद नव्हता आणि शेवटी काय झाले, एवढेच रकाने. यातला "काम कुठे अडले" हा रकाना जिवापाड सांभाळा. "बियाणे खराब" ही नोंद पुरेशी नाही. पावती मिळाली नाही? तक्रार केली पण पंचनामा उशिरा झाला? पंचनामा झाला पण त्यात लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा पिशवीवरचा क्रमांक, नव्हता? वर्षभराने हाच रकाना वरून खाली वाचला की गाडी एकाच दगडाला पुन्हा पुन्हा कुठे अडकते ते दिसते. तो दगड म्हणजे तुमची मोहीम. नावे वेगळ्या वहीत ठेवा, दोन्ही वह्या क्रमांकाने जोडा, आणि "तुमचे नाव न सांगता हे प्रकरण आम्ही पुढे मांडू का?" असे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारून सही घ्या. गावात नाव फुटले तर ज्याच्याकडून उधारीवर खत घ्यायचे त्याच दुकानदाराची नाराजी त्या माणसाला वर्षभर सोसावी लागते.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था १९३९ साली, दुसरे महायुद्ध सुरू होताच उभी राहिली. गावोगावी मोफत सल्ला देणारी केंद्रे. माणसाला सल्ला देणे, आणि ज्या धोरणामुळे तो माणूस अडचणीत आला ते धोरण सुधारायला लावणे, ही दोन्ही कामे ती बरोबरीची मानते. कर्जासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या विम्याच्या तक्रारी केंद्रांवर साचत गेल्या, तेव्हा त्या पुराव्यावर तिने २००५ साली तिथल्या बाजार नियामकाकडे एक खास तक्रार केली. तिथल्या २००२ च्या कायद्यात ठरावीक ग्राहक संस्थांना तसा अधिकार आहे, आणि अशी तक्रार आली की नियामकाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावेच लागते. पुढे चौकशी झाली, कर्ज देतानाच विमा विकण्यावर बंदी आली आणि बँकांना अब्जावधी पौंड परत करावे लागले. ज्यांच्या सांगण्यावरून हे घडले ती साधी माणसे होती, केंद्रावर "माझा हप्ता एवढा कसा?" एवढेच विचारायला आलेली.

आपल्याकडे त्याच ताकदीचे हत्यार नाही, पण त्याच्या जवळपास जाणारे एक आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हटले की लोकांना फक्त जिल्हा ग्राहक आयोग आठवतो. त्याच कायद्याचे कलम १६ वाचा. एकट्यादुकट्याच्या नव्हे, तर ग्राहकांच्या एका वर्गाच्याच हक्कांवर गदा येत असेल, अनुचित व्यापार प्रथा किंवा दिशाभूल करणारी जाहिरात असेल, तर जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. कलम १७ प्रमाणे अशी तक्रार तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट प्राधिकरणाकडे करू शकता. शिवाय कलम ८ खाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि वर्षातून किमान दोन बैठका व्हायलाच हव्यात. तुमच्या जिल्ह्यात मागच्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या आणि इतिवृत्तात काय लिहिले, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, उत्तर तीस दिवसांत यायला हवे. उत्तर आले की पुढच्या बैठकीसाठी एकच विषय लेखी द्या. दहा विषय दिले की चहा होतो आणि बैठक संपते.

आता बियाण्यांविषयी जरा सविस्तर बोलते, कारण मराठवाड्यात याहून मोठा ग्राहक प्रश्न नाही असे माझे मत आहे.

२०१९ च्या परतीच्या पावसाने सोयाबीन काढणीतच भिजले. त्यातलेच पुढे बियाणे म्हणून बाजारात आले आणि २०२० च्या खरिपात गावेच्या गावे दुबार पेरणीच्या खाईत गेली. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. आमच्या केंद्रावर तेव्हा सकाळी सातपासून माणसे बसलेली असायची. कुणाच्या हातात रिकामी पिशवी, कुणाच्या हातात मोबाइलमधला उघड्या वावराचा फोटो, कुणाच्या हातात काहीच नाही.

शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे हे आता वादातीत आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते स्पष्ट केले. शिवाय, शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना बाजूला ठेवायची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. कायदा आपल्या बाजूने आहे. तरीही प्रकरणे का पडतात? आम्ही वहीतले आणि आयोगाच्या निकालांतले कागद समोर पसरून बसलो, तेव्हा उत्तर एका कागदात सापडले. तो कागद म्हणजे पंचनामा.

तक्रार आली की तालुक्याची बियाणे तक्रार निवारण समिती वावरात येऊन पाहणी करते आणि अहवाल देते. पुढचे सगळे या अहवालावर चालते. कितीतरी अहवालांत फक्त "उगवण वीस टक्के आढळली" एवढेच असते. मग कंपनीचा वकील विचारतो, पेरणीला ओल पुरेशी होती का? बियाणे किती खोल पडले? शेजारच्या वावरात त्याच दिवशी दुसऱ्या लॉटचे पेरले होते, ते उगवले का? कंपनीला पाहणीची नोटीस दिली होती का? अहवालात यातले काही नसते. उगवण कमी हे सिद्ध होते, पण ती बियाण्यामुळे कमी हे सिद्ध होत नाही, आणि शेतकरी हरतो. दोष त्याचा नसतो. समितीतले कृषी अधिकारीही बहुतेकदा मनापासून आलेले असतात. एका दिवसात पंधरा वावरे पाहायची, तर माणूस समोरच्या कागदावर जेवढे रकाने असतील तेवढेच भरणार.

हे उमगले आणि आमची मागणीच बदलली. आधी आम्ही "बोगस बियाणे कंपन्यांवर कठोर कारवाई करा" म्हणत होतो. त्या मागणीला कुणीच नाही म्हणत नाही आणि कुणी काही करतही नाही. नंतर आम्ही एक पानाचा पाहणीचा नमुना तयार केला. लॉट नंबर, पिशवीवरच्या लेबलचा फोटो, पेरणीची तारीख आणि त्याआधीच्या दिवसांत महसूल मंडळात पडलेला पाऊस, पेरणीची खोली, शेजारच्या दोन वावरांतली स्थिती, कंपनीला आणि विक्रेत्याला दिलेल्या नोटिशीची तारीख, आणि शेवटी समितीचे स्पष्ट मत, की दोष बियाण्याचा आहे की अन्य कशाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एका निवृत्त बियाणे शास्त्रज्ञांना तो दाखवून दुरुस्त करून घेतला. मग तो तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला आणि सोबत आमच्या वहीतून, रकाना रिकामा राहिल्यामुळे पडलेल्या प्रकरणांची यादी जोडली, नावे न घालता. एका तालुक्यात साहेबांनी लगेच वापरायला सुरुवात केली. दुसऱ्या तालुक्यात दोन हंगाम गेले. एका ठिकाणी अजूनही जुनाच कागद चालतो.

तुम्ही "नियम बदलायचा" म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर मंत्रालय येत असेल. पण लोकांच्या आयुष्यात पुष्कळ वेळा नियम म्हणजे कुणाच्या तरी टेबलावरचा छापील नमुना असतो. तो कुणाच्या सहीने बदलतो हे शोधा आणि त्याच माणसाकडे जा. तालुक्यात बदलू शकणारी गोष्ट मुंबईला मागत बसू नका.

मुंबईला न्यायच्या गोष्टीही असतात. २०२३ साली बोगस बियाणे, खते, कीटकनाशके यांविरुद्ध पाच विधेयके विधिमंडळात मांडली गेली. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी राज्यभर दुकाने बंद ठेवली. विधेयके संयुक्त समितीकडे गेली. विक्रेत्यांचे म्हणणे होते की आम्ही कंपनीची सीलबंद पिशवी विकतो, आतल्या मालाची शिक्षा आम्हाला का? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याने शेतकऱ्याची बाजू दुबळी होत नाही. आम्ही समितीला लिहिले ते कलमागणिक लिहिले: या कलमात "विक्रेता" शब्दाऐवजी काय हवे, भरपाई किती दिवसांत हवी, पंचनाम्याचा नमुना कायद्याच्या नियमांतच का हवा. समितीसमोर निवेदनांचा ढीग असतो. "शेतकऱ्यांना न्याय द्या" असे लिहिलेले पान तिथल्या कारकुनाला कुठे लावायचे तेच कळत नाही. "कलम अमुक, शब्द तमुक" असे लिहिलेले पान त्या कलमाच्या फायलीत लागते.

विम्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यातून मी एक वेगळाच धडा घेतला.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अतिवृष्टीने उभे आणि काढून ठेवलेले सोयाबीन गेले. पीकविम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायची अट होती. गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, वावरात गुडघाभर पाणी, आणि ॲपवर फोटो टाका म्हणे. लाखो शेतकऱ्यांनी वेळेत कळवले नाही म्हणून त्यांना भरपाई नाकारली गेली. महसूल यंत्रणेने मात्र त्याच नुकसानीचे पंचनामे केलेले होते. शेतकरी खंडपीठात गेले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे तिला २०० कोटी रुपये भरायला सांगण्यात आले. त्या लढ्यात आमचा वाटा नव्हता, आम्ही परभणीतून पाहत होतो. पण ज्या संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून पावत्या, सातबारे, पंचनाम्यांच्या प्रती गोळा केल्या, त्यांच्या त्या कष्टाची किंमत मला कळते. याचिका वकील लिहितो. तिच्या मागची परिशिष्टे मात्र कुणीतरी बाजाराच्या दिवशी मांडी घालून बसून जमवलेली असतात.

धडा यापुढचा आहे. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा गेला. सोबत स्थानिक आपत्तीची, म्हणजे एकेकाच्या वावरातल्या नुकसानीची, भरपाईही गेली आणि हिशेब मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आला. म्हणजे ज्या ७२ तासांसाठी एवढी झुंज झाली, तो मुद्दाच पटलावरून सरकला. आता पुरावा कुठे तयार होतो? मंडळातल्या त्या ठरावीक वावरात, जिथे अधिकारी, कंपनीचा माणूस आणि गावकरी यांच्यासमोर तुकडा कापून तोलतात. म्हणून आम्ही आता गावातल्या तरुणांना सांगतो, प्रयोग कुठल्या गट नंबरात आहे ते आधी विचारा, तिथे उभे राहा, वजन स्वतःच्या वहीत लिहा, फोटो काढा. नियम बदलला की पुराव्याची जागा बदलते. मोहीम चालवणाऱ्याने दर हंगामाच्या आधी शासन निर्णय पुन्हा वाचला पाहिजे. मागच्या वर्षीची घोषणा यंदाच्या फलकावर लिहून चालत नाही.

विजेबाबत मात्र आपल्या हातात तयार व्यासपीठ आहे, आणि ते आपण रिकामे सोडतो याचे मला खरोखर वाईट वाटते. महावितरणला दर वाढवायचे असतील तर राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते. वीज कायदा २००३ प्रमाणे ती जाहीर करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मराठीत लिहिता येते. विभागवार सुनावण्या होतात, संभाजीनगरलाही झालेल्या आहेत. पुण्याच्या प्रयासचा ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था आयोगापुढे ग्राहकांची बाजू वर्षानुवर्षे अभ्यासाने मांडत आल्या आहेत. पण सुनावणीच्या सभागृहात बहुतेक खुर्च्या उद्योजकांच्या संघटनांच्या असतात. त्यांचा अभ्यास पक्का असतो, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपली माणसे मात्र जळालेल्या डीपीची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरची, तक्रार घेऊन लाइनमनच्या दारात उभी असतात.

डीपीचेच उदाहरण घ्या. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलायचे, नाहीतर ग्राहकाला ठरलेली भरपाई द्यायची, असे आयोगाचे कृती मानके ठरवणारे विनियम सांगतात. गावात काय होते? वर्गणी गोळा होते. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचे डिझेल, जळालेली डीपी गावकरीच उतरवून तालुक्याला नेतात, आठ-पंधरा दिवसांनी दुसरी आणतात. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ तोवर गेलेली असते. आणि या सगळ्याची नोंद कुठेच नसते, कारण कुणी लेखी तक्रारच दिलेली नसते. कार्यालयाच्या कागदावर डीपी जळालीच नाही!

आम्ही एका हंगामात काही गावांत डीपीची वही ठेवली. गावाच्याच एका मुलाकडे ती असे. कधी जळाली, तक्रार कुणी केली, तक्रार क्रमांक काय, कधी बदलली, वर्गणी किती, वाहतूक कुणी केली. पहिला महिना मुलांना फक्त एकच गोष्ट शिकवण्यात गेला, की तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. त्या वह्या आम्ही दोन ठिकाणी नेल्या. एक, परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, भरपाईसाठी. दोन, दरवाढीच्या सुनावणीत, हरकत म्हणून: "सेवेची मानके पाळली जात नाहीत आणि वाहतुकीचा खर्च ग्राहक स्वतः सोसतो आहे, मग तो खर्च दरात पुन्हा कशासाठी?" सुनावणीत मला बोलायला चार मिनिटे मिळाली. या वेळी "किती?" असे विचारले गेले तेव्हा वही पुढे केली. भरपाई सगळ्यांना मिळाली नाही. पण त्या गावांत पुढच्या हंगामात डीपी वाहून नेणारी गाडी कार्यालयाकडून आली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

वीजबिलाच्या वैयक्तिक तक्रारींवर फार लिहीत नाही. एकच सांगते: दोन वर्षांहून जुनी थकबाकी, ती बिलांत सलग दाखवलेली नसेल, तर वीज कायद्याच्या कलम ५६(२) खाली वसूल करता येत नाही. हे अंबाजोगाईच्या तुमच्या केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

बचतगटाच्या नावाने चालणाऱ्या सूक्ष्म कर्जाचे नियम रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून बदलले. कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते होता कामा नयेत, कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत सोप्या पत्रकात माहिती द्यायची, मुदतीआधी फेडले तर दंड नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन नाही. नियम चांगले आहेत. बायकांपर्यंत ते पोहोचलेले नाहीत. इथे मोहीम म्हणजे नवा नियम मागणे नव्हे, असलेला नियम वस्तीत वाचून दाखवणे. आम्ही वसुलीच्या वेळा एका घराच्या भिंतीवर आठवडाभर लिहून घेतल्या. कोण आले, किती वाजता, किती वेळ बसले. त्या घरच्या ताईंना लिहिता येत नव्हते, सातवीतली लेक लिहायची. तो तक्ता जोडून संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. आमच्या त्या अर्जाला लोकपालापर्यंत जावे लागले नाही, रात्रीच्या फेऱ्या थांबल्या.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्था, यांच्यातल्या ठेवींबाबत मन जड होते. बीड, जालना, परभणीकडच्या किती घरांत लेकीच्या लग्नाचे पैसे अडकले आहेत, तुम्ही रोज ऐकत असाल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पैसे बुडाल्यावर हे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून ठेव ठेवायच्या आधी सांगायची मोहीम करा. आमची मागणी एका ओळीची आहे: पतसंस्थेच्या प्रत्येक ठेव पावतीवर "या ठेवीस ठेव विमा नाही" असे ठळक मराठीत छापले जावे. ती अजून मान्य झालेली नाही. आम्ही दरवर्षी ती पुन्हा पाठवतो, सहकार खात्याला, आमदारांना, आणि २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या सरकारी कार्यक्रमात व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या हातात.

आमदारांकडे जाताना हेच लक्षात ठेवा. "आमचा प्रश्न मांडा" म्हणून जाऊ नका. विधिमंडळात मांडायच्या तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा मसुदा चार ओळींत लिहून न्या, सोबत एक पान पुरावा. तोच कागद विरोधी बाजूच्या आमदारांनाही द्या आणि दोघांना सांगून द्या. आम्ही कधीच कुणा पक्षाच्या मांडवात बसलो नाही, आणि बियाणे, खते, वित्त यांतल्या कुणाचा एक रुपया घेतला नाही. एका वर्षी जागेचे भाडे थकले होते. तेव्हा एका मोठ्या विक्रेत्याने "तुमच्या शिबिराचा मंडप मी देतो" म्हटले. मोह झाला. मंडप घेतला असता तर त्याच्या दुकानातल्या पिशवीविरुद्ध आलेल्या बाईला मी काय तोंड दाखवले असते? गावोगावची वर्गणी, निवृत्त शिक्षकांच्या देणग्या, यावर चालते. ओढाताण होते, पण चालते.

पेपरवाल्यांना गोष्ट सांगा, आरोप सांगू नका. कागदाने जेवढे सिद्ध होते त्याच्यापुढे एक शब्द नाही. कंपनीला किंवा कार्यालयाला आधी लेखी विचारा, पंधरा दिवस थांबा, उत्तर आले नाही हेही बातमीत येऊ द्या. संस्था लहान असताना बदनामीची एक नोटीस तिचे वर्ष खाते.

आता वकिलाचे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बोलू शकतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्ह्यात चालतात, आणि कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. तुमची संस्था नोंदणीकृत असेल तर ती स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते, आणि एकाच कारणाने अनेकांचे नुकसान झाले असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार चालवता येते. म्हणून अजून नोंदणी केली नसेल तर तेवढे आधी करा. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा फोन. मात्र आमच्या केंद्रावर दर शनिवारी न चुकता लागतात ती दोन माणसे वेगळी आहेत. एक स्वच्छ अक्षरात वही भरणारा. दुसरा शासन निर्णय शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. आमच्याकडे वही भरतात त्या निवृत्त पोस्टमास्तर आहेत.

मृग लागायला अजून वेळ आहे, तर सुरुवात बियाण्यापासूनच करा. येत्या मंगळवारी बाजारात एक टेबल टाका. पक्की पावती, तिच्यावर लॉट नंबर, रिकामी पिशवी लेबलासकट जपून ठेवायची, मूठभर बियाणे कागदात बांधून वर तारीख घालायची, एवढे प्रत्येकाला तोंडी सांगा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि उगवलेले मोजून दाखवा. सोयाबीनचे सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणे प्रमाणात बसत नाही, आणि हे पेरणीच्या आधी कळलेले बरे. पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास झाल्याशिवाय पेरू नका हेही सांगा, कारण पुढे पंचनाम्यात ओलीचा प्रश्न येणारच आहे. आमचा पाहणीचा नमुना मी तुम्हाला पाठवते. तो तसाच वापरू नका. तुमच्याकडची जमीन, तुमच्याकडचे लॉट, तुमचे कृषी अधिकारी वेगळे आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे आलेली बियाण्यांची प्रकरणे आठवून लिहून काढा, ती कुठे अडली ते बघा, आणि त्या जागी रकाना घाला.